कोटाचं बटन, शंभर वेळा

कोणतंही गाजलेलं सिनेमाचं गाणं घ्या. शंभर वेळा ऐका. शंभराव्या खेपेला ते तुम्हाला चार दिवसांच्या शिळ्या वांग्याच्या भाजीसारखं वाटलं नाही, तर आनंदराव रंगारी हे नाव लावणार नाही!

हे वाक्य माझं. मीच ते लिहिलं, मीच त्याचे शिशाचे खिळे जुळवले आणि मीच ते छापलं. नागपूरच्या महाल भागातल्या एका प्रेसमध्ये मी बावीस वर्षं कंपोझिटर आहे. शिक्षण सातवी. पुढचं सगळं शिक्षण शिशाच्या उलट्या अक्षरांतून झालं. मोठमोठ्या प्राध्यापकांची पुस्तकं मी उलटी वाचली आहेत, आणि खरं सांगतो, त्यातली बरीचशी सुलटीपेक्षा उलटीच बरी लागतात.

तर १९७८ सालचा मे महिना. नागपुरात ते गाणं आलं. आलं म्हणजे काय, गोवर येतो तसं आलं! बर्डीवर जा, तेच. नंदनवनात आमच्या गल्लीत या, तेच. न्हाव्याकडे मान वाकवून बसा, मानेवर वस्तरा आणि कानात तेच:

‘टूट गया जी, टूट गया,
मेरे कोट का बटन टूट गया!’

आता मला सांगा. नागपूर. मे महिना. पारा सेहेचाळीस. इथे अंगावर बनियन ठरत नाही, आणि हा बाप्पा कोट घालून फिरून राहिला! बरं, फिर. बटन तुटलं? लावून घे. आमच्या शेजारचे नत्थूजी टेलर पान थुंकेपर्यंत लावून देतात. पण नाही! हा बागेत जाऊन बोंबलतो, त्याच्या मागे पन्नास पोरी नाचतात, आणि पन्नासातल्या एकीच्याही हातात सुईदोरा नाही! अंतरा तर त्याहून थोर:

‘नौ बटन हैं, आठ हैं ख़ाली,
एक पे लिख दूँ नाम मैं आली!’

नऊ बटनांचा कोट तुम्ही पाहिलाय? तो कोट आहे की हार्मोनियम?

आणि लोक? लोक वेडे झाले होते. माझी बायको अंजनाबाई त्या ठेक्यावर कणीक तिंबायची. पोळ्या गोल व्हायच्या सोडून नऊ कोपऱ्यांच्या व्हायला लागल्या. आमची जया, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिने अर्थशास्त्राच्या वहीत ते गाणं उतरवून घेतलं होतं, आणि त्या वहीतला तेवढाच मजकूर तिला पाठ होता. पण कळस केला नत्थूजींनी. त्यांनी तो सिनेमा नऊ वेळा पाहिला, एका बटनाला एक खेळ! आणि दुकानाची पाटी रंगवून घेतली: ‘न्यू बटन टेलर्स’.

“काहून नत्थूजी,” मी म्हटलं, “जुन्या दुकानात बटनं नव्हती का?”

“तुमाले नाही समजायचं, आनंदराव,” ते तोंडात सुई धरून म्हणाले. “त्याच्यात दर्द हाय.”

दर्द! बटनात!

माझं डोकं फिरलं. आमच्या प्रेसमध्ये एक साप्ताहिक छापलं जायचं. त्यात मी लागोपाठ चार लेख झोडले. शेवटच्याचं शीर्षक होतं, ‘बटनवाल्यांनो, लाज बाळगा!’ आणि त्या लेखाचा परिणाम असा झाला की एका संध्याकाळी खुद्द गणपतराव आमच्या दारात उभे राहिले.

गणपतराव म्हणजे बर्डीवरच्या वाचनालयाचे सचिव. निवृत्त हेडमास्तर. शिंकले तरी व्याकरणशुद्ध शिंकणार. त्यांच्या वाचनालयात दर उन्हाळ्यात व्याख्यानमाला होते आणि जो शेवटचं व्याख्यान देतो त्याचा फोटो भिंतीवर लागतो. असे बावीस फोटो तिथे आहेत. बावीसच्या बावीस कोटात, हनुवटीखाली बोट आणि नावापुढे पदव्यांची मालगाडी. माझा बाप कापडाच्या गिरणीत होता. अक्षर ओळखत नव्हता. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी, नुकत्याच प्रेसला लागलेल्या मला, या वाचनालयात घेऊन गेला. स्वतः पायरीवर बसला, मला आत धाडलं. बाहेर आलो तर विचारलं, “काय काय हाय आत?” मी म्हटलं, “पुस्तकं हायेत, अन् भितीवर एका कोटवाल्याचा फोटो हाय.” बाप म्हणाला, “मंग एक जागा रिकामी ठेव म्हणा त्याईले.”

बाप गेला. जागा तशीच होती. म्हणून गणपतराव जेव्हा म्हणाले, “या वर्षीचं शेवटचं पुष्प आपण गुंफावं अशी समितीची इच्छा आहे,” तेव्हा मला पायरीवर बसलेला बाप दिसला. पण असल्या लोकांसमोर ते दाखवायचं नसतं.

“विषय?” मी गुरगुरलो.

“आपलाच. चित्रपटगीतांची अधोगती. शेवटी त्या बटनाच्या गाण्याच्या धिक्काराचा ठराव मांडू. हात वर करून मतदान.” मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, “एक विचारू? आपण ते गाणं पूर्ण ऐकलं आहे ना?”

इथेच घात झाला! खरं सांगायचं तर पूर्ण नव्हतं ऐकलं. न्हाव्याकडे अर्धं, पानठेल्यावर पाव, बाकी अंजनाबाईच्या तोंडून. पण सातवी पास माणसाला हेडमास्तरने असं विचारावं?

“शिकलेले लोक एकदा ऐकून मत देतात, गणपतराव! मी शंभर वेळा ऐकीन! मोजून! आणि मग बोलीन!”

“शंभर?”

“शंभर! एकही कमी नाही!”

“वा,” गणपतराव म्हणाले, “मग हे पत्रकात घालू.”

आता आमच्या धंद्यातली गोष्ट ऐका. उन्हाळ्यात प्रेसमध्ये लग्नपत्रिकांचा असा पूर असतो की एका पत्रकासाठी मशीन मोकळं मिळणं म्हणजे दिवाळी. त्या दिवशी तासभर मशीन रिकामं होतं. मी पत्रक जुळवलं आणि छापून मोकळा झालो. मोठ्या लाकडी टायपात: ‘शंभर वेळा ऐकून सिद्ध झालेला निष्कर्ष: गाणे टाकाऊ! वक्ते: श्री. आनंदराव रंगारी. सभेत धिक्काराचा ठराव.’ दुसऱ्या दिवशी ते पत्रक बर्डीपासून नंदनवनापर्यंत भिंतीभिंतीला चिकटलं.

म्हणजे आधी निष्कर्ष छापला आणि मग ऐकायला बसलो. हसू नका! मोठमोठे प्रबंध असेच लिहिले जातात. मी त्यांचेही खिळे जुळवले आहेत.

शंभर वेळा ऐकायचं तर यंत्र पाहिजे. गल्लीत यंत्र एकाकडेच: देवाजी लाउडस्पीकरवाले. लग्न असो, बारसं असो, निवडणूक असो, देवाजीचा भोंगा लागल्याशिवाय नंदनवनात काही घडलं असं कोणी मानत नसे. रविवारी सकाळी आठ वाजता देवाजी मशीन, तबकडी आणि भोंगा घेऊन हजर.

“भोंगा कायले आणला?” मी ओरडलो. “मले एकट्याले ऐकायचं हाय!”

“भोंग्याबिगर आवाज निघतच नाही जी याच्यातून,” देवाजी म्हणाला. “छोटा डबा होता, तो मागच्या लग्नात वरातीतल्या घोड्यानं फोडला.”

मग आम्ही भोंगा मधल्या खोलीत ठेवला, त्याचं तोंड पाण्याच्या रिकाम्या पिंपात खुपसलं, वर दोन गोधड्या टाकल्या. मी समोर पाट मांडून बसलो. मोजदाद चोख हवी म्हणून अंजनाबाईच्या हातात एक वाटी आणि मूठभर तूरडाळ दिली.

“गाणं संपलं की एक दाणा वाटीत. समजलं?”

“अवं माय! म्हणजे शंभरदा तेच गाणं? घरात बसून?” अंजनाबाईचा चेहरा असा फुलला की मला तिची कीव आली. जया तर माझ्या गळ्यातच पडली. “बाबा, तुमी किती चांगले आहात!”

देवाजीने सुई टेकवली.

पिंपात भोंगा घातला की काय होतं हे तुम्हाला माहीत नसेल. मलाही नव्हतं. आवाज बंद होत नाही, तो घुमतो! गाणाऱ्याचा आवाज विहिरीत पडलेल्या हत्तीसारखा यायला लागला. पिंप थरथरलं. गोधड्या उडाल्या. आणि ‘टूट गया जी’ हे नंदनवन सोडून थेट वाठोड्यापर्यंत ऐकू गेलं.

पहिल्या पाच खेपांत माझी खात्री पटली: मी म्हटलं होतं त्याहून गाणं वाईट आहे. वहीत मी लिहिलं, ‘शब्द: केरकचरा. चाल: बैलाला गोमाशी चावल्यासारखी. गायक: नाकात दोन बटनं अडकल्यासारखा.’ इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

नवव्या खेपेला दार वाजलं. सिंधूताई! समोरच्या घरातल्या, गल्लीतल्या मानपानाच्या मुख्य अधिकारी. हातात ताट, ताटात ब्लाउजपीस आणि नारळ, डोळ्यांत पाणी.

“अंजनाबाई वं, एवढं परकं केलं आमाले? जयाचं साक्षगंध, अन् शेजारणीले भोंग्यावरून माहीत पडावं?”

“कोणाचं साक्षगंध?” अंजनाबाई दचकली.

“लपवू नको वं! देवाजीचा भोंगा काय उगाच लागते? पोरगा कुठला हाय? कोटवाला हाय का?”

नंदनवनात सकाळी आठला भोंगा लागला आणि घरात लग्नाच्या वयाची पोर असली, तर त्याचा साखरपुड्याशिवाय दुसरा अर्थच नसतो. हे माझ्यासारख्या विचारवंताच्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. पंधराव्या खेपेपर्यंत घरात अठरा बाया जमल्या. मी मधल्या खोलीतून ओरडलो, “साक्षगंध नाही! संशोधन चालू आहे!” तर एक म्हातारी म्हणाली, “पोराचं नाव संशोधन हाय म्हणते. बंगाली असंन.”

जयाने दार आपटून स्वतःला स्वयंपाकघरात कोंडून घेतलं. बाया चहा पिऊन, गाण्यावर टाळ्या वाजवून, दोघी तर फुगडी घालून दुपारी गेल्या. जाताना सिंधूताईंनी नारळ परत नेला. “संशोधनासाठी नारळ देत नाही आमी,” म्हणाल्या.

विसाव्या खेपेपर्यंत गल्ली गाण्यासोबत गात होती. तिसाव्या खेपेला फक्त गुणगुणत होती. पस्तिसाव्याला कोणीतरी खिडकी लावली. चाळिसाव्याला सगळ्यांनी लावली; सेहेचाळीस डिग्रीत! अंजनाबाई दाणा टाकताना आता तो वाटीत टाकत नव्हती, मारत होती.

“पाहा!” मी विजयाने ओरडलो. “फक्त चाळीस! आणि उतरली ना नशा? म्हटलं नव्हतं मी?”

“तुमी म्हटलं ते खरं झालं, जयाचे बाबा,” ती कपाळ दाबत म्हणाली. “आता बंद करा.”

“शंभर म्हणजे शंभर! छापलंय मी!”

आणि मग अठ्ठेचाळिसावी खेप आली.

दुसरा अंतरा संपतो आणि मुखडा परत यायचा असतो, त्या मधल्या फटीत एक बासरी आहे. सात-आठ सेकंदांची. सत्तेचाळीस वेळा ती वाजली होती आणि सत्तेचाळीस वेळा मी ती ऐकली नव्हती, कारण मी त्या नऊ बटनांना शिव्या देण्यात गुंतलो होतो. आता शिव्या संपल्या होत्या. चांगल्या शिव्यांचा साठा कितीही मोठा असला तरी तो सत्तेचाळीसला संपतो. मी नुसता बसलो होतो, आणि ती बासरी आली. एवढ्या कचऱ्यातून, एवढ्या आरडाओरड्यातून, एक माणूस गुपचूप दार उघडून येतो, एक खरी गोष्ट सांगतो आणि कोणी पाहायच्या आत निघून जातो!

मी दचकलो. “देवाजी, पुन्हा लाव.”

“पुन्हाच लावून राहिलो ना जी सकाळपासून.”

एकोणपन्नास. पन्नास. एक्कावन्न. मी तबकडी उचलून तिच्यावरचं लेबल वाचलं. गाणाऱ्याचं नाव. संगीतकाराचं नाव. त्या बटनवाल्या कवीचं नाव, बघा, त्या भामट्यालाही नाव! कंपनीचं नाव. बासरीवाल्याचं नाही.

बावीस वर्षं मी पुस्तकं जुळवतो आहे. वर लेखकाचं नाव, आत प्रकाशकाचं, शेवटी प्रेसचं. ज्याच्या बोटांत शिसं गेलं त्याचं कुठे आहे?

मी तबकडी खाली ठेवली आणि अंजनाबाईला दिसू नये म्हणून तोंड पिंपाकडे केलं. साठाव्या खेपेला माझा पाय हलत होता. एकसष्टाव्याला मी मान्य केलं की ठेका वाईट नाही. त्रेसष्टाव्याला ते बटनसुद्धा पटायला लागलं! विचार करा: अंगावर कोट आहे, सगळं बंदोबस्तात आहे, आणि एक दोरा सुटतो... सुटतो माणूस! त्यात हसण्यासारखं काय आहे?

हे सगळं मी कोणालाही सांगितलं नाही. पत्रक चिकटलेलं होतं.

संध्याकाळ झाली. आम्ही थांबलो. जेवायला बसलो, वरणाची वाटी पुढे आली आणि मी विचारलं, “मोजदादीची वाटी कुठे आहे?”

अंजनाबाईने पळीने वरण ढवळलं. मग म्हणाली, “तेच तं वरण हाय.”

“काय?”

“अठरा बायांच्या चहापाण्यात घरातलं सारं सरलं जी! मूठभर डाळ कमी पडत होती, मी वाटी उलटी केली. पण त्रेसष्ट होते! मले पाठ हायेत! उद्या सदतीस लावा अन् सुटा!”

खरं तर मलाही पाठ होते. पण मी घास खाली ठेवला आणि गंभीर आवाज काढला.

“पुरावा नष्ट झाला आहे. उद्या पुन्हा एकपासून.”

“बाबा!” जया किंचाळली.

“विज्ञान आहे हे, जया! विज्ञानात अंदाजपंचे चालत नाही!”

त्या दोघी माझ्याकडे अशा पाहत राहिल्या, जसा मी उजेडात पकडलेल्या झुरळाकडे पाहतो. मी मुकाट्याने ते त्रेसष्ट खेपांचं वरण ओरपलं. चव चांगली होती.

दुसऱ्या दिवशी मी प्रेसमध्ये आजारी असल्याचा निरोप दिला आणि आठला सुई टेकवली. देवाजीने कानात कापूस घातला होता. दहाव्या खेपेला तो उठला. “मशीन ठेवा जी तुमच्याचकडं. मी वाडीले जातो, बहिणीकडं. तिथं वीज नाही.” आणि गेला! स्वतःचा भोंगा टाकून!

बाराव्या खेपेला नत्थूजी आले. नऊ वेळा सिनेमा पाहिलेले, दर्दवाले नत्थूजी. डोळे लाल. शर्टाला एकही बटन नाही, सगळीकडे सेफ्टीपिना.

“आनंदराव, हात जोडतो. बंद करा ना जी.”

“काहून? दर्द हाय ना त्याच्यात?”

“सात शर्ट पडून हायेत माझ्याकडं. बटन हातात घेतलं का डोक्यात सुरू होते. गिऱ्हाइकाले म्हणतो, हूक लावून देऊ का? तो म्हणते, मी काय बाई हाय? लय भिकार गाणं हाय हो! तुमी लिवलं तेच खरं!”

महिन्यापूर्वी हे वाक्य ऐकून मी त्यांना मिठी मारली असती. त्या क्षणी मात्र मला त्यांचा राग आला. खरा, रक्ताचा राग!

“भिकार? तुम्ही दुसऱ्या अंतऱ्यानंतरची बासरी ऐकली आहे का, नत्थूजी? नऊ वेळा सिनेमा पाहिला, ऐकली एकदा तरी? नुसते पाय आपटत बसता! तुमच्यासारख्या लोकांनीच या देशात संगीताचं वाटोळं केलं!”

नत्थूजी मागे सरकले, जसा माणूस पिसाळलेल्या कुत्र्यापासून सरकतो. जाता जाता म्हणाले, “डॉक्टरले दाखवा.”

शंभरावी खेप साडेपाचला संपली. दोन दिवसांत एकशे त्रेसष्ट. घर रिकामं होतं. मायलेकी सिंधूताईंच्या घरी गेल्या होत्या, आणि त्याच सिंधूताई त्यांना पंख्याने वारा घालत होत्या. मी इकडेतिकडे पाहिलं, दार लावलं आणि एकशे चौसष्टावी खेप ऐकली. शास्त्रीय कारणासाठी.

पुढच्या आठ दिवसांत नंदनवनात ते गाणं संपलं. पोरंसुद्धा म्हणेनात. नत्थूजींनी पाटी पुन्हा रंगवली: ‘नत्थू हूक अँड टेलर्स’. अंजनाबाईच्या पोळ्या पुन्हा गोल झाल्या, आणि ती कणीक तिंबत असताना मी हळूच ठेका धरला तर तिने लाटणं उगारलं.

“जयाचे बाबा, एक शब्द जरी काढला ना तोंडातून!”

शेवटी व्याख्यानाचा दिवस आला. फोटोसाठी कोट पाहिजे. कोट आमच्या खानदानात एकच: अंजनाबाईचा भाऊ बळीराम रेल्वेत टीसी आहे, त्याचा काळा कोट. बळीराम वेताच्या छडीएवढा, मी पिंपाएवढा. कोट कसाबसा बसला, पण मधलं बटन एका दोऱ्यावर लोंबत होतं. मी नत्थूजींकडे धावलो.

“नत्थूजी, फक्त एक बटन...”

“नाव काढू नका त्याचं!” ते कानांवर हात ठेवून ओरडले आणि दुकानाचं फळकूट आडवं लावलं.

घरी आलो तर अंजनाबाईनेही मान फिरवली. “मी सुई हातात घेतली तं मले तेच आठवते. जा तसेच.”

गेलो तसाच. सभागृह गच्च! बावीस वर्षांत वाचनालयात इतकी माणसं आली नव्हती. सारं नंदनवन ट्रकात बसून आलं होतं. मी काळ्या कोटात शिरलो तशी दोन माणसं घाईघाईने खिशात तिकीट शोधायला लागली. पहिल्या रांगेत नत्थूजी, सिंधूताई, देवाजी, जया, अंजनाबाई. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव: आज त्या गाण्याचा मुडदा पाडा! भिंतीवर बावीस कोटवाले, आणि तेविसाव्या जागी एक मोकळा खिळा. मी त्या खिळ्याकडे पाहिलं. बाप आठवला.

आता तुम्ही म्हणाल, फोटो पाहिजे होता ना? मग गुमान शिव्या द्यायच्या होत्या आणि उतरायचं होतं. मीही तेच ठरवलं होतं. पाऊण तास मी त्या गाण्याची अशी सालटी काढली की टाळ्यांनी कौलं हलली. कोट, बाग, पन्नास पोरी, हार्मोनियम, काही सोडलं नाही. गणपतरावांनी स्वतः तीनदा टेबल वाजवलं. एकदाच जीभ घसरली. “फक्त ती बासरी...” मी म्हणालो, आणि पहिल्या रांगेच्या भुवया अशा चढल्या की मी लगेच पाणी प्यालो.

मग ठराव. ‘ही सभा या टाकाऊ गीताचा तीव्र धिक्कार करते.’ माझंच वाक्य. माझ्याच हाताचे खिळे.

“अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत,” गणपतराव म्हणाले.

तीनशे हात! नत्थूजींचे दोन्ही! जया खुर्चीवर उभी राहिली. सिंधूताईंनी मांडीवरच्या नातवाचाही हात धरून वर केला.

“एकमताने,” गणपतराव लिहायला लागले, “तरीही रीत म्हणून विचारतो: विरोधी कोणी?”

कोण असणार? वाचनालयाचा फोटोग्राफर कॅमेरा सरसावून माझ्यासमोर उभा होता. मी खिळ्याकडे पाहत होतो. एक हात खाली ठेवायचा, बस, एवढंच काम होतं! पण कानात ती सात सेकंदं वाजायला लागली. ज्याचं नाव कुठेच छापलं नाही त्या माणसाचा तीनशे लोक धिक्कार करणार, तोही माझ्या टायपात? च्यामायला!

माझा हात वर गेला.

बळीरामचा कोट. माझं पोट. हात वर गेला आणि तो एकटा दोरा सुटला. बटन उडालं, टेबलावर टणकन आपटलं आणि घरंगळत जाऊन गणपतरावांच्या वहीवर थांबलं. त्याच क्षणी कॅमेऱ्याचा लखलखाट झाला.

महिन्यापूर्वी असं घडलं असतं तर तीनशे लोक एका सुरात गायला उठले असते. त्या दिवशी तीनशे लोकांनी एकदम कानांत बोटं घातली.

“अनुकूल तीनशे,” गणपतराव बटन बाजूला सारून शांतपणे म्हणाले. “विरोधी एक. वक्ते स्वतः.”

फोटो लागला. नियम म्हणजे नियम. ज्याने शेवटचं व्याख्यान दिलं त्याचा लागतो. बावीस कोट बंद आहेत, तेविसावा उघडा आहे. बावीस लोकांचं बोट हनुवटीखाली आहे, माझा हात आढ्याला आहे. खाली गणपतरावांच्या मोत्यासारख्या अक्षरात पाटी आहे: ‘स्वतःच्या ठरावाला विरोध करताना श्री. आनंदराव रंगारी.’

फोटोत माझं तोंडही उघडं आहे. वाचनालयात येणारे लोक म्हणतात, बघा, काय आवेशाने बोलतोय माणूस! मी त्यांना काही सांगत नाही. बोलत नव्हतो हो मी, गात होतो. दुसरा अंतरा संपत आला होता.